डबा खाल्ला की आई आलीच

शाळेचा पहिला दिवस मुलांचा असतो असं आपण उगीच म्हणतो. तो असतो मावशींचा. बालवर्गाच्या फाटकाशी त्या सकाळी जे चालतं ते पाहून वाटावं, ही पोरं चित्रं रंगवायला आलेली नाहीत, त्यांना बोटीत घालून कायमचं समुद्रापार धाडायचं ठरलंय. एक पोरगं आईच्या पर्सच्या पट्ट्याला लोंबकळतंय. दुसऱ्यानं बापाच्या पायाला मिठी मारलीय, आणि बाप त्या पायासकट लंगडत, "बघ, आत घसरगुंडी आहे," असं म्हणत फाटकापर्यंत आलाय. तिसरं मूल शांत आहे. त्याची आई रडतेय.

या सगळ्याच्या मधोमध मावशी उभ्या असायच्या. बुटक्या, रुंद, अंगात निळा एप्रन. शाळेच्या दप्तरी त्यांचं पद 'मदतनीस', पण घंटा वाजवणारे शिपाईकाका त्यांना 'सोडवणमावशी' म्हणायचे, आणि खरं काम तेच होतं. आईला चिकटलेलं मूल सोडवायचं. मावशी कधी ओढाताण करत नसत. "मनगट धरून ओढलं की पोर आणखी घट्ट होतं. करंगळीपासून सुरू करायचं. करंगळी बिचारी लगेच ऐकते. ती सुटली की बाकीची तिच्यामागून येतात."

शाळा सुरू व्हायच्या आधी त्या नव्या पालकांना फाटकातच गाठून धडे द्यायच्या. मुलांच्या आधी आईबापांची शाळा भरायची. एका स्टिकरचे दोन तुकडे करा, अर्धा एका बुटात चिकटवा, अर्धा दुसऱ्यात. चित्र जुळलं की बूट बरोबर पायात. डबा असा द्या की तो पोराला स्वतःला उघडता येईल. तुमचा तो घट्ट झाकणाचा महागडा डबा उघडायला मलाच गुडघा लावावा लागतो. 'शू लागली' हे मोठ्यानं सांगायला शिकवा; कानात कुजबुजून चालत नाही, तिथे कान एक आणि पोरं ढीगभर. चोरून पळून जाऊ नका. आणि निघालात की मागे वळून बघायचं नाही.

"पण तो बघणारच हो मावशी, लहान आहे."

"त्याला कोण सांगतंय? तुम्ही नाही बघायचं!"

पण हे सगळं वरवरचं. खरं दुकान चालायचं एका वाक्यावर. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, 'लवकर येते' म्हणजे काय तेही कळत नाही. त्याला कळतो डबा. म्हणून करंगळी सुटली की मावशी त्याच्या कानाशी वाकून सांगायच्या, "डबा खाल्ला की आई आलीच!" आणि खरंच, डबा झाला, एक गाणं झालं, की शाळा सुटायची आणि फाटकात आई दिसायची. दोन-चार दिवसांत पोरांना पटायचं. मग रडं थांबायचं. सगळी कला त्या एका 'आलीच'वर उभी होती, आणि इतक्या वर्षांत एकाही आईनं तो शब्द खाली पडू दिला नव्हता.

मावशींची मुलगी त्यांच्याच घरी राहायची, तिच्या लहानग्या मुलीसह. नवरा कधीच आपल्या वाटेनं निघून गेला होता. त्याचा विषय घरात निघत नसे. नातीला सगळे 'बटण' म्हणत. गोल, लहान, आणि एकदा काजात बसली की न निघणारी. मुलीला परदेशात काम मिळालं, एका घरी मुलं सांभाळायचं. इथे काही जमत नव्हतं, तिथे जमणार होतं. ती निघाली त्या दिवशी तिघी बसस्थानकावर आल्या. बटणानं आईचा दुपट्टा मुठीत धरला होता. आईला काही ते सोडवेना. बसवाला भोंगा वाजवायला लागला. मग मावशी पुढे झाल्या आणि त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. करंगळी, मग दुसरं बोट, मग तिसरं. मूठ सुटली आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "डबा खाल्ला की आई आलीच!"

बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा बटण बाकावर बसून तिच्यासाठी बरोबर घेतलेला डबा उघडत होती. घाईघाईनं खाल्लं तिनं. केळं, बिस्किटं, दोन्ही गाल फुगलेले. मग रिकामा डबा आजीपुढे धरून रस्त्याकडे पाहत बसली.

मावशींना त्या क्षणी कळलं, आपण काय बोलून बसलो. पण तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

वर्ष गेलं. बटणाच्या आईचा फोन यायचा. "आई, इकडच्या बाळाला रोज मीच शाळेत सोडते. मुळीच रडत नाही गं! तू सांगायचीस तसंच करते सगळं."

"बरं करतेस," मावशी म्हणायच्या. "यायचं कधी?"

"पुढच्या वर्षी बघू. सुट्टी देत नाहीत."

आणि बटणाचं शाळेत जायचं वय झालं. मावशींनी सगळी विद्या पणाला लावली. स्वयंपाकघराचा वर्ग झाला, पाटाचं बाक झालं. बुटांत अर्धा अर्धा हत्ती आला. बटणानं पहिल्याच दिवशी सोंड आणि शेपूट जागेवर लावली. भिंतीकडे तोंड करून ती एवढ्या जोरात "बाई, शू लागली!" म्हणायची, की वरच्या मजल्यावरची शेजारीण ओरडायची, "जा गं बाई, जा एकदाची!" सगळं आलं तिला. एक डबा सोडून. डबा समोर ठेवला की ती दोन्ही हात झाकणावर ठेवून बसायची. ताटात वाढलं की जेवायची, डब्यातलं मात्र नाही.

धंद्यातल्या माणसाला दोष धंद्याच्याच जागी दिसतो. मावशींना वाटलं, झाकण घट्ट असेल. कडीला तेल लावलं. मग कडीचा डबा जाऊन फिरकीचा आला, फिरकीचा जाऊन नुसता दाबायचा आला. घरात डब्यांचं दुकान झालं. बटण प्रत्येक नव्या डब्याला बघून घ्यायची आणि हात झाकणावर ठेवायची.

पहिला दिवस आला. बटण बूट घालून, दप्तर लावून फाटकातून आत गेली. रडली नाही, थांबली नाही, तिनं मागे पाहिलं नाही.

"वा!" शिपाईकाका म्हणाले. "मावशी, नात शोभते हो तुमची! एक टिपूस नाही!"

मावशी हसल्या नाहीत. रडणाऱ्या पोराची त्यांना कधी काळजी वाटली नव्हती. रडणारं पोर मागत असतं, आणि मागितलं तर मिळेल असं त्याला अजून वाटत असतं.

तेवढ्यात एक पोरगा आला. त्याचा आवाज असा, की काकांनी घंटा खाली ठेवली आणि म्हणाले, "आज याच्यावरच भागवू." त्याचं नाव जागच्या जागी 'भोंगा' पडलं. मावशींनी करंगळी सोडवली, बोटं सोडवली, आई गेली. त्या वाकल्या. "डबा खाल्ला की..." आणि समोर पायरीवर बटण उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. पुढचे शब्द काही निघेनात. भोंगा वाजतच राहिला, मागे चार आया पोरं धरून खोळंबल्या.

"मावशी, चालू करा की!" काका ओरडले.

बटणच खाली आली. तिनं भोंग्याचा हात धरला आणि एखाद्या मोठ्या बाईसारखं समजावून सांगितलं, "तू डबा खाऊच नको. उघडला नाही ना, तर आई अजून यायची असते. संपला की मग कळतं."

भोंगा गप्प झाला. त्याला ते पटलं, आणि वर्गात त्यानं ते सगळ्यांना सांगितलं.

आठवडाभरात बालवर्गाचे डबे जसेच्या तसे घरी जायला लागले. आया चिडल्या. "मावशी, वर्गात करता तरी काय? सकाळी उठून आम्ही कुणासाठी करतो?" वर्गाच्या बाई गोंधळून गेल्या. "पोरं झाकणावर हात ठेवून बसतात हो नुसती. एखादी प्रार्थना चालल्यासारखी." मावशींनी मग बाईंना बसस्थानकावरचं सगळं सांगितलं.

बाईंनी हजेरीपट मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "आई येणार नाही हे खरं ते सांगून टाका तिला. तुम्ही येता म्हणावं. आजी येते."

त्या संध्याकाळी बटणाच्या केसांतली रिबीन सोडताना मावशींनी सांगितलं. आई लांब आहे. डब्यानंतर येत नाही. मी चुकीचं बोलले बाळा. पण मी येते की! डबा खाल्ला की आजी आलीच!

बटणानं विचार केला. "तू कुठून येणार?" ती म्हणाली. "तू तर तिथेच असतेस."

पोरीचं खरं होतं. परत येण्यासाठी आधी जावं लागतं, आणि मावशींचं काम फाटकात उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मावशींनी काकांना फाटक सांभाळायला सांगितलं. एप्रन काढून खुंटीला लावला. बटणाला खिडकीशी बोलावलं, "येते हं," म्हटलं, आणि मागे न बघता चालायला लागल्या. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेल्या, वळल्या, आडोशाला थोडं थांबल्या. मग परत आल्या. बाकीच्या पोरांना हा नवाच खेळ मिळाला. सगळी खिडकीत गोळा झाली. "आली! आली! मावशी आली!" भोंगा सगळ्यांत मोठ्यानं. आणि आली म्हटल्यावर, खेळाच्या नादात, त्या पोरांचे डबे उघडले. बाईंनी हुश्श केलं. त्या दिवसापासून आयांच्या तक्रारी थांबल्या.

मावशी अजूनही रोज जातात. गुडघे दुखतात, औषधवाला गमतीनं विचारतो, "काय मावशी, आज काय विसरलात?" त्या वळतात आणि परत येतात. खिडकीत पोरं ओरडतात, झाकणं उघडतात, खातात.

परवा बटण त्यांना हळूच म्हणाली, "आजी, पुरे गं आता. दमशील."

"दमत नाही मी," मावशी म्हणाल्या. "तू खा."

बटणानं मान डोलावली, आजीला बरं वाटावं म्हणून. खिडकीत आरडाओरडा चालला होता. तिचे दोन्ही हात झाकणावर होते.