राहायला गाव शोधणारी बाई

त्या दिवसाची स्टेशन डायरीतली नोंद मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे. 'एक अनोळखी महिला, वय अंदाजे पंचावन्न, जमावाच्या तावडीतून सोडवून चौकशीकामी ठाण्यात आणली.' नोंद माझ्याच सांगण्यावरून झाली होती आणि तिच्यात चूक काही नव्हती. तरीही नोकरीतले जे दोन-तीन दिवस आठवले की आजही अवघडल्यासारखं होतं, त्यांतला तो एक.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. एप्रिल महिना, शाळा सकाळच्या झालेल्या. त्या सुमारास लोकांच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातले व्हिडिओ, खाली 'आपल्या भागात टोळी आली आहे' एवढी एक ओळ. त्या आठवड्यात ठाण्याला तसे दोन फोन येऊन गेले होते. एकदा भंगारवाला निघाला, एकदा नातेवाइकाचं घर शोधणारा पाहुणा. शांतता समितीची बैठक घेऊन लोकांना समजावून सांगणं माझं काम होतं. जयंतीच्या बंदोबस्तात ते मी पुढे ढकललं.

खबर दिली ती शाळेसमोर शिलाईचं दुकान असलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं.

"साहेब, एक बाई हाय. तीन दिवसापासून शाळा सुटायच्या टायमाला येऊन बसून राहिली. पोरांकडं बघती अन् वहीत लिहिती."

"कोणाला काही खायला दिलं का? कोणाशी बोलली?"

"न्हाई. निस्ती बघती. पर काहून बघती, ते कळंना."

मी बीट अंमलदाराला जाऊन बघायला सांगितलं. तो बंदोबस्तात अडकला आणि गेला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला चाचांचा परत फोन आला. या वेळी मागे आरडाओरडा ऐकू येत होता.

"जल्दी या साहेब. मानसं जमली. बाईला म्या दुकानात घेतलं अन् आतून शटर ओढलं. लई वेळ टिकायचं न्हाई."

आम्ही पोचलो तेव्हा दीड-दोनशे माणसं होती. शटरला लाथा बसून पोचे पडले होते. निम्मे लोक मोबाइल वर धरून उभे. गर्दीबद्दल एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे. पुढे उभा राहून ओरडणारा फारसा धोक्याचा नसतो, आपल्याकडे लोक बघतायत हे त्याला माहीत असतं. धोका मागून येणाऱ्याचा. 'काय झालं?' असं विचारतो, आणि उत्तर मिळायच्या आत खाली वाकून दगड शोधतो. मी चार शिपाई मागच्या बाजूला पाठवले आणि गाडी रिव्हर्स घेऊन शटरला टेकवली.

आत बाई शिलाई मशीनशेजारी जमिनीवर बसली होती. चष्म्याची एक काच फुटलेली, साडीचा पदर फाटलेला. चाचा शटरला पाठ लावून उभे होते, अंगातला सदरा घामाने भिजलेला. तिच्यावर संशय घेऊन खबर देणारे तेच आणि तिला आत घेऊन शटर ओढणारेही तेच.

ठाण्यात महिला शिपायाने दोन पंचांसमोर पिशवी तपासली. पाण्याची बाटली, आधार कार्ड, एक लांब वही, चॉकलेटचं एक पुडकं आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या. चॉकलेटं पाहून पंच एकमेकांकडे बघायला लागले. मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन लावून गोळ्यांचं नाव वाचून दाखवलं.

"यांनी गुंगी येते का?"

"येते," डॉक्टर म्हणाले.

मी आभार मानून फोन ठेवला. या गोळ्या कशासाठी देतात, हा पुढचा प्रश्न साधा होता. तो मी विचारला नाही.

बाई पुण्याजवळच्या कारखान्यांच्या वस्तीत राहणारी. नवरा वारलेला. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी होती, ती संपली. तिथलं भाडं आता परवडत नाही. नवऱ्याचं मूळ गाव परभणीकडचं, पण तिथे आता कोणी उरलं नव्हतं. म्हणून या भागात राहायला खोली बघते आहे. एवढं तिने सरळ सांगितलं.

"किती माणसांसाठी?"

"एकटीसाठी."

"मग चॉकलेटं कोणाला?"

"मला आवडतात."

"आणि गोळ्या?"

तिने पदराचं फाटलेलं टोक आत खोचलं.

"शाळेसमोर बसून मुलांकडे काय बघत होता?"

"मुलं कशी वागतात ते."

खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, न विचारलेलंही सांगतो. ही बाई मोजकं बोलत होती. तेव्हा मी त्याचा अर्थ असा घेतला की हिला ठाण्याची सवय आहे. ती राहत होती तिथल्या पोलीस ठाण्याला तिची माहिती विचारली. उत्तर यायला वेळ लागणार होता. बाहेर फाटकाशी तीस-चाळीस माणसं अजून उभी होती. मधूनच कोणीतरी 'आमच्या ताब्यात द्या' म्हणून ओरडत होतं. त्या आवाजाकडे तिचं लक्ष नव्हतं. ती घड्याळाकडे बघत होती.

"किती वाजले, साहेब?"

"दीड. कुठं जायचंय?"

"हिंगोलीला. संध्याकाळी पाचच्या आत."

"तिथं कोण आहे?"

"कोणी नाही."

अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. आता माझी खात्री झाली की हिंगोलीत हिचे साथीदार थांबले आहेत. तिथल्या नियंत्रण कक्षाला मी स्टँड आणि रेल्वे स्टेशनवर लक्ष ठेवायला सांगितलंसुद्धा.

महिला शिपाई कोपऱ्यात बसून ती वही वाचत होती. नोकरीला लागून तिला दोन वर्षंही झाली नव्हती. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, हे एकदा वाचा. पहिल्यापासून."

वहीत नऊ गावं होती. प्रत्येकाला दोन-तीन पानं. खोलीचं भाडं, नळाला पाणी किती दिवसाआड येतं, दवाखाना किती लांब. इतकं कोणीही लिहील. पण प्रत्येक गावाच्या शेवटी आणखी काही होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'स्टँडवर एक भोळसर माणूस बसतो. हॉटेलवाला रोज चहा देतो. त्याचा कप वेगळा ठेवत नाही.' दुसऱ्या ठिकाणी, 'पोरं मागे लागतात. एकाने दगड मारला. मोठी माणसं हसली.' त्या गावावर आडवी रेघ होती.

शेवटची पानं आमच्या गावाची. 'शाळेसमोर लिंबाखाली एक मुका माणूस बसतो. शाळा सुटल्यावर मुलं काय करतात बघायचं. पहिला दिवस, कोणी काही केलं नाही. दुसरा दिवस, एका मुलीने डब्यातली काकडी दिली. तिसरा दिवस, मुलांनी नक्कल केली, गुरुजी रागावले.' चौथ्या दिवसापुढे जागा कोरी होती.

मी वही तिच्यासमोर ठेवली. "तुमच्या घरात असं कोण आहे?"

बाई इतका वेळ रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. "मुलगा," ती म्हणाली. "चोवीस वर्षांचा आहे, पण समज चार वर्षांच्या मुलाएवढी. फिट येतात. हिंगोलीला लॉजवर आहे. बाहेरून कडी लावून आलेय. पाचला गोळी चुकली तर फिट येते, साहेब."

"हे आधीच का नाही सांगितलं?"

"पहिल्या दोन गावांत खरं सांगितलं होतं. त्याला बघितल्यावर घरमालक म्हणाले, खोली कालच दिली. मग ठरवलं, आधी गाव मी बघणार, नंतर गावाला तो दाखवणार. मुलगा मोकळा फिरतो, रस्ता विसरतो. मी आणखी किती वर्षं पुरणार? त्याला कोणी मारणार नाही, घरी आणून सोडेल, असं गाव हवंय मला." तिने फाटकाकडे पाहिलं. "आणि ती माणसं बाहेर उभी असताना त्याचं ठिकाण कसं सांगू? तुम्ही तरी कोण, मला काय माहीत."

तीन वाजून गेले होते. मी तिला आणि महिला शिपायाला गाडीत घेतलं आणि मागच्या फाटकाने निघालो.

लॉजवर खोलीचं दार उघडं होतं. दुपारी झाडायला आलेल्या बाईने कडी काढली, ती बादली भरायला गेली आणि तेवढ्यात मुलगा निघून गेला. मॅनेजरला पत्ताच नव्हता. पलंगाखाली त्याच्या चपला तशाच होत्या. एप्रिलचं ऊन, डांबरी रस्ता आणि मुलगा अनवाणी.

आम्ही शहर ठाण्याला वर्णन दिलं आणि शोधायला निघालो. बाई पुढच्या सीटवर बसली होती. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे, एवढंच तिचं चाललं होतं. डेपोत नव्हता. रेल्वे स्टेशनवर नव्हता. पाच वाजले तेव्हा तिने गोळ्यांची पट्टी मुठीत घट्ट धरली. तोपर्यंतच्या नोकरीत मी अनेक हरवलेली माणसं शोधली होती, पण ज्याच्या हरवण्याला माझी चौकशी कारण झाली, असा हा पहिलाच.

साडेसहाच्या सुमारास हळदीच्या मोंढ्यापाशी, म्हणजे घाऊक बाजारापाशी, एका हमालाला विचारलं. त्याने डोक्यावरचं पोतंही न उतरवता हनुवटीने आत खूण केली. "ते व्हय? ते काय तिकडं, बायांत बसलंय."

शेडखाली सात-आठ बायका हळकुंडं निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात एक धिप्पाड तरुण मांडी घालून बसला होता. टोपलं भरायचा, रिकामं करायचा, परत भरायचा. हात कोपरापर्यंत पिवळे. तळपायांना कोणीतरी ओली चिंधी गुंडाळली होती. आईला पाहिल्यावर त्याने एक हळकुंड उचलून तिच्यापुढे धरलं.

बायकांमधली वयाने मोठी होती ती जवळच्या तांड्यावरची. तिने सगळं सांगितलं. "दुपारी आलं, साहेब. पाय भाजले व्हते, रडून राहिलं व्हतं. म्या म्हनलं, बस इथं. मग पाचाच्या पुढं फिट आली. आमी कुशीवर निजवलं, तोंडात काय घातलं न्हाई. माझ्या दिराला बी येते, मला ठावं हाय. उठल्यावर भाकर खाल्ली त्यानं."

"पोलिसांना का नाही कळवलं?"

"कोनी तरी हुडकत येईलच की. लेकराला एकलं टाकून कुटं जावं?"

मग ती आईकडे वळली. "माय, तुझं हाय व्हय हे? असं एकटं काहून सोडलं गं?"

आईने मुठीतल्या पट्टीतली गोळी काढून मुलाला दिली. उत्तर मी द्यायला हवं होतं. खाकी गणवेशात तिथे मीच उभा होतो. मी ड्रायव्हरला गाडी जवळ आणायला सांगितलं.

गावी परतल्यावर जमावातल्या अकरा जणांवर सरकारतर्फे गुन्हा दाखल केला. त्यांत दोन दुकानदार होते आणि एक मुलीला शाळेत घ्यायला आलेला बाप. सगळे पहिल्यांदाच ठाण्याची पायरी चढलेले. 'साहेब, आमच्या गावात कधी असं घडलं का?' असं प्रत्येकाने विचारलं. खरंच घडलं नव्हतं. माझ्या काळात तिथे एकही खून झाला नव्हता, घरफोडीही क्वचितच. ओळखीचे लोक मला विचारायचे, साहेब, निवृत्तीनंतर राहायला निवांत गाव कोणतं? मी गुन्ह्यांची नोंदवही डोळ्यांपुढे आणायचो आणि त्याच गावाचं नाव सांगायचो. त्या बाईने आमच्या कुठल्याच नोंदवहीत नसतं ते चार दिवस उन्हात बसून पाहिलं, आणि आम्ही तिला गुन्हेगार ठरवलं. तेव्हापासून हा प्रश्न कोणी विचारला तर मी ठाण्यातलं काही सांगत नाही. मनात असेल त्या गावी आठ दिवस जाऊन राहा आणि घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला सोबत न्या, एवढंच सांगतो.

बदली होऊन गेल्यावर वर्षभराने कोर्टाच्या कामाने हिंगोलीला गेलो. बाईंनी मोंढ्यामागच्या गल्लीत एक खोली घेतल्याचं कळलं होतं. लॉजवरच्या खोलीपेक्षा थोडीच मोठी, पण त्यांना परवडेल अशी. मी भेटायला गेलो आणि त्या दिवशी जे बोललो नव्हतो ते बोललो. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, 'असू द्या' म्हणाल्या नाहीत. चहा केला.

मुलगा घरात दिसत नव्हता. मी विचारलं, "आता हरवत नाही ना?"

"तीनदा हरवला," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा रिक्षावाल्याने आणला. दुसऱ्यांदा दोन कॉलेजच्या मुली हाताला धरून घेऊन आल्या. तिसऱ्यांदा मी भाजी घेऊन परतले तर आपला दारात बसलेला, शेजारी एक अनोळखी म्हातारे गृहस्थ. म्हणाले, बाई, तुमचं लेकरू स्टेशनवर होतं. हरवला होता हे मला तेव्हा कळलं."