सोबतीचा भत्ता

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण जिच्या डोळ्यांदेखत माणूस गेलं, तिने ते शहाणपण काय चुलीत घालायचं? बदलापुरात हेंद्रेपाड्याला राहणाऱ्या चांगुणाबाई सत्तरी उलटल्यावर ती पायरी चढल्या, तीही दुखऱ्या गुडघ्यांनी आणि एकट्याच.

वेणूबाई त्यांची जोडीदारीण. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जीन्सच्या कारखान्यात दोघी शेजारी बसून धागे कापायच्या. डबा एकत्र, जाणं-येणं एकत्र. शेठ चिडवायचा, "एक को बुलाओ तो दोनों आती हैं." दोन वर्षांपूर्वी कारखान्यातून निघताना एका मोटरसायकलवाल्याने वेणूबाईंची सोनसाखळी खेचली. त्या गटाराच्या कडेवर डोक्यावर आपटल्या आणि त्यातच गेल्या. पळताना त्या पोराने मागे वळून पाहिलं. ते तोंड पाहणाऱ्या एकट्या चांगुणाबाई.

पोरगा पकडला गेला, खटला उभा राहिला; पण साक्षीच्या पहिल्या तारखेला आरोपीचे वकीलच आले नाहीत. दिवसभर बाकावर बसून चांगुणाबाई उठल्या, तेव्हा साक्षीदारांचा भत्ता देणाऱ्या कारकुनाने विचारलं, "आजी, सोबत कोण आहे? म्हाताऱ्या माणसाला घेऊन कोणी आलं, तर त्याचाही भत्ता मिळतो."

सरकारला एवढी माया असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना त्या पोराची भीती नव्हती, भीती होती ती बाकाची. समोर पोराची आई, मावश्या, मित्र, सगळा गोतावळा, आणि आपल्या शेजारी नुसती पिशवी. घरी येऊन त्यांनी पुण्याला मुलाला, बुद्धभूषणला फोन लावला.

"पुढच्या तारखेला येशील का रे? तुलासुद्धा भत्ता देतात."

"आई, अगं तेवढे पैसे मीच गुगल पे करतो ना. रिक्षा करून जा."

"रिक्षाला आहेत माझ्याकडे."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"काही नाही. जेवलास का?"

मग त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शीलाला विचारलं. "काकू, आले असते हो, पण पोलिसाचं लफडं म्हटलं की आमचे हे ओरडतात," शीला म्हणाली. त्यांचे यजमान शिवरामराव असते तर पुढे होऊन चालले असते, पण त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. खरं सांगतो, मला या सगळ्यांचा रागच येतो. म्हातारी पैसे मागत नव्हती, शेजारी बसायला माणूस मागत होती.

दुसऱ्या तारखेला साक्ष झाली. वकिलाने चष्म्याचा नंबर विचारला, अंधार होता का विचारलं, तुम्ही घाबरला होतात ना, असंही विचारलं. चांगुणाबाईंनी पिंजऱ्यातल्या पोराकडे बोट केलं. "हाच तो," त्या म्हणाल्या. वेणूबाईंचं नाव मात्र पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं. तिच्याबद्दल इतकं कोणाशी बोलायला त्यांना दोन वर्षांत मिळालं नव्हतं.

बाहेर आल्यावर कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "सोबत कोण?"

"वेणूबाई," चांगुणाबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

त्याने नाव लिहिलं. "बोलवा त्यांना. सही लागेल."

चांगुणाबाईंनी वाकून ते नाव पाहिलं.

"ती यायला असती, बाबा," त्या म्हणाल्या, "तर मी इथे कशाला आले असते?"

कारकुनाने मान वर केली. मग त्याने नाव खोडलं आणि एकटीचा भत्ता त्यांच्या पुढे ठेवला.