वरून पुसलं, आतलं काय?

दैवशालाबाई भोकरदनकडच्या. शाळा सातवीपर्यंत. लग्नानंतर जालन्यात आल्या आणि एका बियाणे कंपनीच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला लागल्या, त्याला आता बावीस वर्षं झाली. आतला गारवा आणि हवेतला ओलावा किती, यावर लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. सुरुवातीला एकदा त्यांच्या हातून दार नीट लागलं नव्हतं आणि कपाशीचं कपाटभर बियाणं दमट हवेनं वाया गेलं होतं. वरून चांगलं दिसत होतं, पण उगवलंच नाही. ही गोष्ट त्या स्वतःहून सांगतात.

गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. नवा सर्व्हर नुकताच आला होता. खोकं पावसात भिजलेलं, म्हणून संगणक विभागाच्या हरिओम सरांनी ते काढून टाकलं आणि सर्व्हर तसाच कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला. उकाड्यानं बिघडायला नको, हा विचार.

चार दिवसांनी एसी दुरुस्त झाला. सर्व्हर बाहेर आणला, तर दहा मिनिटांत त्याच्या पत्र्यावर बारीक थेंब आले. सरांनी ते रुमालानं पुसले आणि विजेची वायर जोडायला उचलली.

सर्व्हर उचलून आणायला मदत केलेल्या दैवशालाबाई तिथंच उभ्या होत्या.

"सर, आत्ताच चालू करू नका."

"पुसलंय ना, ताई."

"वरून पुसलं. आतलं काय? गार पिशवी बाहेर आणली की आम्ही दिवसभर तिचं तोंड सोडत न्हाई. सोडलं की बियाण्याला पाणी सुटतं."

"हे बियाणं नाही."

"न्हाई. पण पाण्याला काय ठाऊक?"

तेवढ्यात व्यवस्थापक बद्रीनाथ साहेबांचा फोन आला. सगळं काम अडून राहिलंय, जल्दी करा म्हणाले. सरांनी दैवशालाबाईंकडे बघितलं. त्यांनी वायर हळूच आपल्या हातात घेतली होती.

"मंग झाकण तरी काढून बघा," त्या म्हणाल्या.

सरांनी स्क्रू काढले. आतल्या हिरव्या पट्टीवर, चिपांच्या मधेमधे, पाण्याचे थेंब होते. वीज जोडली असती तर सगळं जळून गेलं असतं. सरांनी साहेबांना फोन लावून सांगितलं, "उद्या चालू होईल. आज बिलकुल नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोरडा सर्व्हर सुरळीत चालू झाला.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" सरांनी नंतर विचारलं.

"वाटली की. तुम्ही शिकलेले. पण गप बसले असते तर घरी जेवण गेलं नसतं."

सर्व्हर रूममध्येही ओलावा मोजायचं यंत्र लावायचं ठरलं, आणि त्याकडे बघाल का, असं सरांनी त्यांनाच विचारलं. त्या तयार झाल्या. फक्त म्हणाल्या, "वारा यावा म्हणून दाराला दगड लावून ठेवता ना तुम्ही, तो आधी उचला."