पातूरच्या लेण्यातला भिक्षू

पातूरच्या जुन्या लेण्यांखाली आमचा भाजीचा मळा होता. त्या वर्षांत कापसाला विलायतेहून अशी मागणी होती, की आमच्यासारखे भाजीवालेही आपले गाडी-बैल कापूस वाहायला लावत. माझे मालक तसेच ज्येष्ठात अमरावतीला गेले. आषाढ सरत आला, पावसानं जोर धरला, तरी त्यांचा पत्ता नव्हता.

त्याच दिवसांत लेण्यात एक भिक्षू येऊन राहिला होता. ब्रह्मदेशातून बुद्धाची ठिकाणं बघत पायी निघालेला. हिंदुस्तानी मोडकंतोडकं बोलायचा. सकाळी पात्र घेऊन दारासमोर मुकाट उभा राही. सासूबाई भाकर-भाजी घालत. दुपारनंतर तो काही खात नसे. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने आपण इथून हलणार नाही, असं त्यानं सांगितलं होतं. धडधाकट माणसानं असं बसून का राहावं, हे मी त्याला विचारलंच.

तो रागावला नाही. पावसात कोंब फुटतात, किडामुंगी बाहेर येते, चालणाऱ्याच्या पायाखाली सगळं चिरडतं, म्हणून बुद्धानं भिक्षूंना एका जागी राहायला सांगितलं. वर्षभर भटकणाऱ्याला तेवढाच वेळ स्वतःच्या मनाकडे बघायला मिळतो. आणि तो कुठे सापडेल, हे आसपासच्या लोकांना ठाऊक असतं. ही लेणीही अशाच मुक्कामासाठी कोरली असतील, म्हणाला.

मग अकोल्याहून आलेल्या गाडीवानानं सांगितलं, की अमरावतीच्या वाटेवर काटेपूर्णा नदीच्या पुरात एक गाडी वाहून गेली. कोणाची, ते त्याला माहीत नव्हतं. मामंजी गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेले. शोधायला जाणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तडक लेण्यात गेले.

"महाराज, तुमी कुठं सापडता ते मले मालूम हाये, म्हून आली. माह्या मालकाचा पत्ता लागून नाही राहिला."

 तो म्हणाला, अडल्या माणसानं बोलावलं तर सात दिवसांची मुभा आहे. सातव्या दिवसाच्या आत परत यायला हवं. दुसऱ्या सकाळी तो निघाला. पेरलेलं रान टाळून, लांबच्या गाडीवाटेनं.

ते दिवस कसे गेले, सांगता येत नाही. सहाव्या दिवशी दुपार कलताना तो गुडघाभर चिखलानं माखून दारात आला.

"बाई, आदमी जिंदा है. बैल भी."

मी उंबऱ्यावरच बसले. 

वाहून गेलेली गाडी दुसऱ्याच कोणाची होती. मालक पलीकडच्या काठावर अडकले होते, आणि घरच्या ओढीनं बैल पाण्यात घालायला निघाले होते. यानं अलीकडून पातूरची गाडी कोणती, असं पुकारत त्यांना हेरलं आणि ओरडून सांगितलं, घर ठीक आहे, थांबा. परक्या माणसावर त्यांचा विश्वास बसेना. मग यानं सासूबाईंच्या कपाळावरचं गोंदण सांगितलं, मामंजींचे गुडघे सांगितले. तेव्हा कुठे त्यांनी जू उतरवून बैल सोडले आणि तिथंच थांबले.

सासूबाई चूल पेटवायला धावल्या, आणि मग याला आता खायचं नाही हे आठवून ओशाळल्या. नुसतं ऊन पाणी दिलं.

मालक नऊ दिवसांनी आले, दाढी वाढलेली, पण धड. त्यानंतर व्यापाऱ्यांनी कितीदा बोलावलं, तरी पावसाळा संपेपर्यंत त्यांनी गाडी जुंपली नाही.

भाव असा चढला होता, की लोक तेव्हा वातीपुरताही कापूस घरात ठेवत नव्हते. आम्ही ठेवला. सासूबाईंनी आणि मी सूत कातलं, गावच्या विणकराकडून कापड विणून घेतलं, आणि आश्विनी पौर्णिमेनंतर ते त्याला दिलं. त्याच्या देशातही याच दिवसांत भिक्षूंना वस्त्र देतात, असं तो म्हणाला. तो पुढं निघाला तेव्हा आम्ही त्याला पोचवायला वेशीपर्यंत गेलो. रस्ता वाळला होता.