मुलगी पाहिजेचा बोर्ड आणि आमची कमेंट

एप्रिलचा दुसरा मंगळवार. सकाळी आठपासूनच ऊन लागत होते. दुपारी वावटळ, संध्याकाळी आभाळ भरून आले आणि तसेच निघून गेले.

रोजच्या डायरीत हवामान लिहून झाले की त्याखाली दुकानातला एखादा किस्सा लिहायचा, ही माझी सवय. आमचे दुकान अमरावतीत, फ्लेक्स बोर्ड छापायचे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळे एकाच मशीनवर. छापताना बिघडलेले फ्लेक्स कोपऱ्यात साचत जातात. कोणी फेकत नाही, कारण खेड्यातून कोणीतरी येतोच आणि कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुश्याच्या, ढिगावर झाकायला घेऊन जातो. मागच्या निवडणुकीतले एक भावी आमदार अजून कुठल्यातरी कुटारावर हात जोडून पडले आहेत! किस्सेही असेच साचतात. पुढे कशावर झाकले जातील, सांगता येत नाही.

*

दुकानात आम्ही चौघे. मालक दिनूभाऊ. कॉम्प्युटरवर डिझाईन करणारा शकील. फ्लेक्सच्या कडा चिकटवून दोरीसाठी कड्या ठोकणाऱ्या सुनंदाताई. आणि मी, छापण्याआधी मजकूर तपासणारा. शाळा दहावीतच सुटली, पण शुद्धलेखन घरी बसून शिकलो, म्हणून सगळे मला ‘मास्तर’ म्हणतात.

आमचा एक नियम होता. मोठी प्रिंट सुरू झाली की शकील मोबाईलवरची एखादी अजब बातमी मोठ्याने वाचायचा. प्रिंट संपायच्या आत प्रत्येकाने त्यावर एक वाक्य टाकायचे. जे भारी, ते शकील दुकानाच्या पेजवरून त्या बातमीखाली कमेंट म्हणून टाकणार.

या वर्षी वाढदिवसाचे बोर्ड कमी आणि श्रद्धांजलीचे जास्त होते. त्यातले फोटोही तरुण माणसांचे. दिवसभर तेच चेहरे मशीनमधून सरकत बाहेर यायचे. मध्ये हसायला काहीतरी लागायचेच.

*

एकदा बातमी आली, कुठेतरी एक चोर घर फोडून आत शिरला, एसी लावला आणि तिथेच झोपी गेला. सकाळी पोलिसांनी उठवला.

शकील म्हणाला, “पोलिसांनी चहा त पाजला असन ना?”

दिनूभाऊ म्हणाले, “एसीचं बिल कोन भरन?”

सुनंदाताई हातोडी न थांबवता म्हणाल्या, “आमच्या घरी आला असता त लोडशेडिंगनं रातभर जागाच रायला असता!”

कमेंट त्यांचीच गेली.

*

दुसरी बातमी एका हिरॉईनची. भूमिकेसाठी म्हणे तिने तीन महिने तेल-तुपाला हात लावला नाही, नुसत्या उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. खाली लोकांनी हात जोडले होते, “केवढा त्याग!”

सुनंदाताई म्हणाल्या, “आमाले त कोनी पिक्चरमदी घेतलं नाई, तरी बिनतेलाची भाजी चालूच हाय!”

शकीलने ते जसेच्या तसे टाकले. तासाभरात पुण्याच्या एका बाईंचे उत्तर आले, “ताई, प्लीज डाएट प्लॅन शेअर कराल का?”

सुनंदाताईंनी विचारले, “काय म्हन्ते ते?”

शकीलने समजावून सांगितले.

“सांग तिले,” ताई म्हणाल्या, “वीस तारखेनंतर आपोआप लागू होते!”

दिनूभाऊ हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. त्या दिवसापासून आमच्या पेजला लोक ओळखू लागले. वऱ्हाडी कमेंटवाले फ्लेक्स दुकान!

*

मार्चमध्ये चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यातून प्रवीण नावाचा मुलगा आला. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला. इस्त्रीचा शर्ट, हातात वहीचा कागद. कागदावर मजकूर होता: शेती चार एकर, विहीर, दोन म्हशी, घरी आई. लग्नासाठी मुलगी पाहिजे. जात-हुंडा काही नको.

शकीलने विचारले, “भाऊ, हे बोर्डावर टाकतेत काय?”

“मंग काय करू? पाच ठिकानी पाहून आलो. पोरगी पाहाच्या आधीच बाप विचारते, नोकरी काय हाय? वावर हाय म्हटलं की चहा थंडा होते.”

वाढदिवसाच्या बोर्डांवर माणसाच्या मागे उंच इमारती आणि निळा समुद्र टाकायची आमच्याकडे पद्धत. शकीलने तेच विचारले, “मागं काय टाकू? सिंगापूर टाकू काय?”

“नाई,” प्रवीणने मोबाईल पुढे केला, “माहं वावर टाका.”

फोटोत विहीर होती आणि तिच्या काठावर आई उभी होती. आईला कापून विहीर ठेवली. मजकूर मी तपासला. मग फोन नंबरचे आले.

प्रवीण म्हणाला, “माहा नंबर नका टाकू. गावातले पोट्टे मायले त्रास देतीन, मी वावरात असलो की फोन तिच्याच जवळ रायते. तसाही तुमच्या दुकानाचा नंबर कोपऱ्यात असतेच ना? तोच मोठा करा. शंभर खोटे फोन येतीन, ते तुमी पाहा. खरा आला त मले सांगजा.”

दिनूभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “काई टेन्शन नको घेऊ. आमी हाओत.”

*

बोर्ड चांदूर रेल्वेच्या चौकात लागला आणि चार दिवसांत त्याचीच बातमी झाली. “नवरी पाहिजे! शेतकऱ्याचा अजब बोर्ड व्हायरल.” फोटोत प्रवीण, विहीर आणि खाली ठळक आमचा नंबर.

शकीलने ती वाचली तेव्हा मशीनवर पंधरा फुटांची प्रिंट सुरू होती. आपलाच बोर्ड म्हणून आम्ही आधी टाळ्या वाजवल्या. मग नियम तो नियम!

दिनूभाऊ म्हणाले, “पोरीचं जाऊ द्या, म्हशीईले विचारलं काय?”

शकीलने लगेच टाकले, “मुलगी नाही मिळाली तर बोर्ड परत आणा, मागच्या बाजूला वाढदिवस छापून देऊ!”

सगळे फुटले. मीही. शकील टाइप करत असताना मी मागे उभा राहून त्यातला एक स्वल्पविराम सरकवून दिला.

ती कमेंट बातमीपेक्षा जास्त फिरली. कोणी तिला हिरोचा फोटो जोडला, कोणी रडणाऱ्या वराचा. आणि लोक खाली लिहू लागले, “अरे, ही तर दुकानाची जाहिरात आहे! मुलगा-बिलगा काही नाही.”

*

मग फोन सुरू झाले. एकजण बाईचा आवाज काढून म्हणाला, “मी हिरॉईन बोलते, म्हशी एसीत राहतात का?” एकाने म्हशींचा बायोडेटा मागितला. एका आजोबांनी मात्र मनापासून विचारले, “बोर्ड किती फुटाचा हाय? मले घरावर टाकाले पाहिजे.”

शकील फोन स्पीकरवर ठेवायचा. प्रत्येकाला तोडीस तोड उत्तर. काम करता करता आमची करमणूक!

शुक्रवारी दुपारी एक फोन आला. मुलीचा आवाज, हळू. “मुर्तिजापूरवरून बोलून रायली. तो बोर्ड पाहिला. त्या विहिरीले उन्हाळ्यात पानी रायते काय?”

शकीलने आमच्याकडे पाहून डोळा मारला. “रायते ना ताई, पोहता येत असन त या!”

दिनूभाऊ हसले. मी हसलो. मग ती म्हणाली, “मी खरंच विचारून रायली होती.”

फोन बंद.

दिनूभाऊ म्हणाले, “लाव, परत लाव.”

शकीलने सहा-सात वेळा लावला. उचलला नाही. शेवटी सुनंदाताईंनी स्वतःच्या मोबाईलवरून लावला आणि बाहेर जाऊन बोलल्या. परत आल्या तेव्हा पदराने कपाळ पुसत होत्या.

“बाप तिले म्हने, जाहिरात हाय ते, कमेंट वाच त्याहीची. पोरगी म्हने, एकडाव विचारून त पाहू. आता फोन करू नका म्हने. नंबरही कोनाले देऊ नका म्हने.”

शकील कॉम्प्युटरकडे तोंड करून बसला. त्याने कमेंट काढून टाकली. तोवर त्या कमेंटचे फोटो अख्ख्या वऱ्हाडात फिरले होते.

*

आणि आज प्रवीण आला. काखेत घडी केलेला फ्लेक्स. तोच इस्त्रीचा शर्ट.

त्याने फ्लेक्स टेबलावर ठेवला. “तुमी लिवलं होतं ना, बोर्ड परत आना, मागून वाढदिवस छापून देऊ? आनला.”

मला वाटले, भांडायला आला. तो खिशातून मोबाईल काढून आईचा फोटो दाखवत होता. विहिरीच्या काठावरचा, आम्ही कापला होता तो.

“मायचा वाढदिवस हाय. साठ झाले.”

दिनूभाऊ घाईघाईने म्हणाले, “अरे, नवा छापून देतो ना! फुकट. मोठा.”

“नाई. याच्याच मागं.”

शकील खालच्या आवाजात म्हणाला, “भाऊ, मागून शाई नीट बसत नाई. फिकी येईन.”

“येऊ द्या.”

मजकूर मी तपासला. शकीलने फ्लेक्स उलटा करून मशीनवर चढवला. शाई सोडणारे हेड इकडून तिकडे सरकू लागले आणि प्रवीणने विचारले, “खरा फोन नाईच आला काय एकही?”

दिनूभाऊंनी मशीनकडे पाहिले. सुनंदाताईंनी हातोडी खाली ठेवली.

“आला होता, भाऊ,” त्या म्हणाल्या. “एक. आमीच हुकवला.”

“काय विचारत होती?”

“विहिरीले उन्हाळ्यात पानी रायते काय म्हने.”

प्रवीणचा चेहरा एकदम उजळला. “रायते ना! मे महिन्यातही रायते. दोन पुरुष खोल पानी असते. सांगितलं नाई काय तुमी?”

प्रिंट चालू होती. प्रिंट संपली.

सुनंदाताईंनी चार कोपऱ्यांना नव्या कड्या ठोकल्या. दुकानाचा नंबर या बाजूला टाकला नाही. साडेपाचच्या गाडीने प्रवीण चांदूर रेल्वेला गेला आणि बोर्ड त्याच चौकात लावून त्याचा फोटो त्याने शकीलच्या मोबाईलवर पाठवला. वाढदिवसाची बाजू रस्त्याकडे आहे. दुसरी भिंतीकडे.