उभ्या विळीचा पाय

प्राध्यापक सुहास गमरे यांनी मुंबईच्या एका विद्यापीठात एकतीस वर्षे डिझाइन हा विषय शिकवला. बुरोंडीला शिक्षक असलेल्या वडिलांनी त्यांना अक्षर दिले. आकाराचे वेड मात्र लागले ते शेजारच्या सुंदरामावशीच्या विळीपाशी बसून. पहिल्याच तासाला ते विद्यार्थ्यांना सांगत, “वस्तू मागाहून काढा, आधी हात पाहा.” त्यामुळे ‘हातवाले सर’ हे नाव त्यांना चिकटले. सहा एकस्वे, म्हणजे पेटंटे, त्यांच्या नावावर होती. सत्कारही यथाकाल झाले. त्यांच्या कपाटात मात्र शाली नव्हत्या, अवजारांच्या मुठी होत्या : खुरप्याच्या, थापीच्या, वापरून झिजलेल्या.

निवृत्तीनंतर ते रत्नागिरीत मांडवीला राहावयास आले, त्याच वर्षी, पूर्वीच तिथे येऊन राहिलेल्या त्याच मावशींच्या, सुंदराबाईंच्या, गुडघ्यांनी संप पुकारला. महिला मंडळाच्या लोणच्याच्या शेडमध्ये त्या तीस वर्षे कैऱ्या चिरीत होत्या. जमिनीवर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. बसणे थांबले म्हणजे विळी थांबली. घरी खाण्याची ददात नव्हती. पण त्या शेडमधली आपली जागा गेल्यावर दिवस कुठे न्यायचा, हे त्यांना उमगत नव्हते.

सरांनी उभ्याने चालवायची विळी करावयास घेतली. अकरा दिवस शेडमध्ये बसून त्यांनी बायकांचे हात पाहिले. कोपराचा कोन, मनगटाचा वळसा, सारे टिपले. नमुना सिद्ध झाला. सोमवारी आराखडे कारखान्याकडे जायचे होते. शनिवारी सुंदराबाई नवी विळी बसवलेल्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

कैरी निसटली. दुसरी वेडीवाकडी चिरली गेली. तिसरीपाशी हातच अडखळला.

“पातं बोथट आहे का, मावशी?”

“पातं बरं हाय रं. पाय रिकामा ऱ्हायला माजा. पाय दाबल्याबिगर हात चालंल कसा?”

शेजारी फोडींना मीठ चोळणारी राजश्री हसली. “सायबानं हातांपुरतं केलंन, पाय मुंबईस ठेवलेन.”

सरांनी जुनी विळी मागवली आणि ते स्वतः जमिनीवर बसले. एक पाय मुडपून पाटावर ठेवला, कैरी पात्यावर लोटली. जोर मनगटातून आलाच नाही. तो टाचेतून निघून कंबरेवाटे वर चढला. त्यांनी नोंदवही उघडली. हातांची चौऱ्याऐंशी चित्रे होती. पाय एकही नव्हता.

“लहानपणी रोज समोर बसायचास,” सुंदराबाई म्हणाल्या, “तवा काय बगत हुतास?”

“तुझे हात,” सर म्हणाले.

सोमवारी आराखडे गेले नाहीत. भागोजी सुताराने टेबलाखाली एक उतरती फळी बसवली. ती उंच झाली, मग फार सखल, मग घसरडी. प्रत्येक वेळी सर सुंदराबाईंच्या पायाखाली खडूने रेघ ओढीत आणि भागोजी त्या रेघेबरहुकूम फळी तासून काढी. महिना याच खटपटीत गेला. बागांतल्या कैऱ्या पिकू लागल्या.

शेवटल्या दिवशी सुंदराबाईंनी उजवा पाय फळीवर टेकवला आणि अंगठ्याने कड चाचपली. पात्यावर हात ठेवण्यापूर्वी त्यांनी टाच दोनदा दाबून पाहिली. सर पेन्सिल हाती धरून खाली, त्यांच्या पायांकडे पाहत उभे होते.

“राजश्री,” सुंदराबाईंनी मान न वळवता हाक दिली, “कैऱ्या आण गो.”