हिरवी तार

"वहिनी, डोळे झाकून घ्या," भंगारवाला छातीठोकपणे म्हणाला होता. "तुमच्या यजमानांच्या हातची दुरुस्ती आहे या मशीनला." वहिनींनी डोळे झाकून घेतलं, आणि आता ते वेल्डिंगचं मशीन पुढच्या खोलीत ठार मेलेलं पडलं होतं. प्लग लावला, बटण दाबलं, ना हूं ना चूं. वहिनींनी त्याला एक लाथ घातली. मशीनला काही झालं नाही, अंगठा मात्र ठणकायला लागला, त्यामुळे राग दुप्पट झाला.

फोन केला तर भंगारवाला म्हणतो, "माझ्याकडे चालत होतं. तुमच्या घरची लाईटच कमी पडत असेल."

"लाईट कमी पडते? मेल्या, तुझी जीभ तेवढी कधी कमी पडत नाही!" असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

वहिनी म्हणजे अख्ख्या गल्लीच्याच वहिनी. वय पन्नाशीला टेकलेलं, जीभ पहिल्यापासून तिखट. नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि मशीन दुरुस्तीत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्याच्याच हाताखाली वहिनी शिकल्या. आठ वर्षांपूर्वी एके सकाळी एका मशीनला त्यांनी नवा प्लग जोडून दिला. नवऱ्याने मशीनला हात लावला आणि तो जागच्या जागी कोसळला.

धाकट्या दिराने तेराव्याच्या आत निकाल देऊन टाकला: वहिनींनी अर्थिंगची तार चुकून करंटच्या पिनला जोडली, त्या तारेने करंट मशीनच्या पत्र्यात उतरला, दादा गेला. मशीन दुसऱ्याच दिवशी भंगारात गेलं, कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. वहिनींना स्वतःलाही आठवेना की कोणती तार कुठे जोडली होती. आठवायला बसलं की फक्त त्याचे पाय डोळ्यांसमोर यायचे.

मग दुकान दिराचं झालं. वहिनींच्या हाती ब्रश आला. आठ वर्षं त्यांनी दिराच्या ग्रिलांना लाल प्रायमर फासला. वेल्डिंगचा रॉड धरतात त्या होल्डरला हात लावायची बंदी होती. सासू तर त्या दिवसापासून त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. वहिनींनी तेही मान खाली घालून सोसलं, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं. तोंडाची एवढी फटकळ बाई, पण या एका बाबतीत तोंडाला कुलूप.

गेल्या महिन्यात बालवाडीच्या बाईंनी गेटचं काम त्यांना देऊ केलं आणि कुलूप जरा सैल झालं. लगेच दीर बालवाडीत जाऊन सांगून आला, "जिच्या हातून माझा भाऊ गेला, तिच्या मशीनजवळ पोरं खेळणार का?" बाई कचरल्या. म्हणाल्या, "सोमवारी मला मशीन चालवून दाखवा, मग बघू." म्हणजे हा ढिम्म लोखंडी ठोकळा चालला तर निदान एका माणसाच्या मनातून तो डाग पुसला जाणार होता. नाही चालला तर पुन्हा ब्रश, पुन्हा लाल प्रायमर, मरेपर्यंत.

"चालणार नाहीस? बघते कसा चालत नाहीस," असं म्हणत वहिनींनी प्लग काढला आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

बाजूचा पत्रा निघाला. आत वीतभर धूळ आणि उंदराची लेंडी. नवऱ्याने शिकवलेली पद्धत त्यांनी धरली: तपासायचं ते बल्बच्या वाटेने. एका फळीवर बल्ब, त्याच्यातून पुढे दोन तारा. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट, मंद पेटला तर ठीक, पेटलाच नाही तर वाट कुठेतरी तुटलेली. मशीन त्या बल्बमार्फत जोडून पाहिलं. बल्ब पेटला नाही. वहिनी एकेक पाऊल आत सरकल्या. केबल धड होती, बटण धड होतं. राहिली वेटोळ्यावर बसवलेली थर्मलची चकती, मशीन फार तापलं की करंट तोडणारी. मशीन तर गार होतं, तरी चकतीच्या दोन टोकांना तारा लावल्यावर बल्ब मख्खच.

"तू होय! गार असून रुसलीस?"

गल्लीतला दुसरा कोणी असता तर तो चकतीच्या दोन टोकांना तारेचा तुकडा मारून मोकळा झाला असता. वहिनी बाजारात गेल्या, नवी चकती आणून बसवली. बल्ब मंद पेटला. आता पत्रा लावायचा, तेवढ्यात केबलच्या तोंडाशी त्यांचं लक्ष गेलं. काळी तार जाग्यावर, लाल जाग्यावर. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, पत्र्याच्या स्क्रूला असायला हवी होती. ती मध्येच कापलेली होती. टोक मागे दुमडून त्यावर टेप, आणि टेप उष्णतेने सुटू नये म्हणून वरून निळा दोरा, दोन वेढे आणि उलटी गाठ.

तो दोरा वहिनींच्या शिलाईच्या डब्यातला होता. ती गाठ मारणारा माणूस जगात एकच होता.

वहिनी खाली बसल्या. आतून पत्र्यात झिरपणारा करंट हिरवी तार जमिनीत नेत असेल, म्हणून खटका सारखा पडत असेल, मशीन ट्रिप मारतं अशी गिऱ्हाइकाची तक्रार आली असेल, आणि या पठ्ठ्याने रोग शोधायचा सोडून ओरडणारी तारच कापली असेल. एकदा केलं असेल की नेहमीच? मग दुसरा विचार आला. त्या दिवशीच्या मशीनची हिरवी तारही आत अशीच कापलेली असेल, तर मी प्लगमध्ये काहीही जोडलं असतं तरी त्या तारेतून करंट पत्र्यापर्यंत जाणारच कसा? आत झिरपलेला करंट मात्र बाहेर पडायला वाट नसल्याने पत्र्यातच राहिला असेल.

त्यांनी हिरवी तार सोलून स्क्रूला घट्ट आवळली. कापलेला तुकडा दोऱ्यासकट वेगळा ठेवला. मशीन सुरू केलं, ते नीट घुमलं. पट्टीच्या तुकड्यावर रॉड टेकवला आणि ठिणगी उडाली. आठ वर्षांनी हातात होल्डर होता. आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना फक्त संताप आला, मेलेल्या नवऱ्याचा, आयुष्यात पहिल्यांदा.

दिराच्या दुकानात तीन मशीनं चालू होती. वहिनींनी सरळ भिंतीवरचा मेन खटका ओढला. कारागीर डोळ्यांवरच्या काळ्या काचा वर करून बघायला लागले.

"वहिनी, हे काय? डिलिव्हरी आहे आज!" दीर धावत आला.

वहिनींनी तुकडा त्याच्यासमोर धरला. "ही गाठ ओळखता का, भाऊजी?"

त्याने निळा दोरा बोटाने चाचपला.

"त्या दिवशीच्या मशीनचीही कापली होती का?"

"आता इतक्या वर्षांनी..."

"कापली होती का?"

दिराने कारागिरांकडे पाहिलं, मग फरशीकडे. "खटका सारखा पडत होता. दादा म्हणाला, तार काढ. पक्कड माझ्याच हातात होती, वहिनी."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"लोक लांबून मशीनं घेऊन यायचे दादाकडे. स्वतःच्या चुकीने गेला म्हटलं असतं तर त्याचं नाव काय राहिलं असतं?"

"म्हणून माझं घालवलंत."

वहिनींनी एका मशीनकडे बोट केलं. "उघडा." त्याने पत्रा काढला. आत हिरवी तार कापलेली. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. त्यांच्या शेजारी दिवसभर पोरंबाळंवाले तीन कारागीर उभे असत.

दिराने तार वहिनींपुढे केली. "तुम्हीच जोडा. तुमचा हात चांगला आहे."

"आता चांगला झाला का? तुम्ही कापलीत, तुम्ही जोडा. मी बघते."

तिन्ही जोडून होईपर्यंत वहिनी खटक्यापाशी उभ्या होत्या. मग त्यांनी स्वतः तो वर केला. दिराला वाटलं, संपलं. तो कपाळावरचा घाम पुसायला लागला.

"आता घरी चला. हे सगळं आईंना सांगायचं. माझ्यासमोर."

"वहिनी, आई ऐंशीला आली. तिला सहन होणार नाही हो."

"मला झालं," वहिनी म्हणाल्या. "चपला घाला."